न झालेला ट्रॅक : ब्रुकलँड्स, वालचंद आणि सोलापूर

इंग्लंडमधल्या सरे परगण्यात, वेब्रिज गावाजवळ, १९०७ च्या जून महिन्यात एक रस्ता खुला झाला. तो कोणत्याही गावाला जात नव्हता. पावणेतीन मैलांचा फेरा घालून तो पुन्हा सुरुवातीच्या जागीच येत असे. शंभर फूट रुंद, सिमेंट-काँक्रीटचा आणि वळणांवर जवळजवळ तीस फूट उंच कडेपर्यंत तिरका उचललेला हा रस्ता म्हणजे ब्रुकलँड्स, खास मोटारींसाठी बांधलेले जगातले पहिले शर्यतीचे सर्किट. त्याआधी पंचवीस वर्षे, २३ नोव्हेंबर १८८२ रोजी, सोलापुरात वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म झाला होता. पुढे त्यांनी रेल्वेची आणि बोगद्यांची कंत्राटे घेतली, जहाजे चालवली, विमानाचा कारखाना उभारला आणि मोटारींचाही. ब्रुकलँड्स आणि वालचंद यांचा एकमेकांशी प्रत्यक्ष संबंध आला नाही. तरीही भारतात मोटारींचा कारखाना आला, मोटारींच्या शर्यतीही आल्या, पण दोघांची गाठ का पडली नाही, हे समजून घ्यायचे असेल तर या दोन कहाण्या शेजारी ठेवून वाचाव्या लागतात. शर्यतीचा ट्रॅक ही श्रीमंतांची करमणूक असते, असा आपल्याकडे सार्वत्रिक समज आहे. माझे म्हणणे असे की ट्रॅक हे उद्योगाचे एक अवजार आहे. ज्या देशांत उद्योगाने हे अवजार हातात घेतले तिथे दोन्ही वाढले, आणि आपण ते न घेतल्याची किंमत मोजली. या हिशेबात सोलापूरचाही वाटा आहे.

ब्रुकलँड्स बांधण्याची वेळ का आली, ते आधी पाहू. ब्रिटनमध्ये १९०३ च्या मोटार कायद्याने सार्वजनिक रस्त्यांवर ताशी वीस मैलांची मर्यादा घातली होती. फ्रान्स-इटलीत मात्र मोटारी एका शहरातून दुसऱ्या शहरात रस्त्यांवरूनच शर्यती लावत होत्या. त्या मोकळीकीची किंमतही भयंकर होती. १९०३ च्या मे महिन्यातली पॅरिस-माद्रिद शर्यत पहिल्याच टप्प्यात इतके बळी घेऊन गेली की सरकारने ती बोर्डो येथे थांबवली. मृतांमध्ये रेनो कंपनीच्या संस्थापक बंधूंपैकी मार्सेल रेनो होते. म्हणजे एकीकडे रस्त्यावरची शर्यत जीवघेणी ठरत होती आणि दुसरीकडे वेगमर्यादेमुळे ब्रिटिश कारखानदाराला आपली गाडी पूर्ण ताकदीने पळवून पाहायला जागाच नव्हती. ह्यू लॉक किंग हे वेब्रिजचे जमीनदार १९०५ मध्ये इटलीत शर्यत पाहायला गेले, तेव्हा तिथे एकही ब्रिटिश गाडी उतरलेली नव्हती. त्यांनी स्वतःच्या जमिनीवर ट्रॅक बांधायला घेतला. आराखडा तोफखान्यातले कर्नल केपल होल्डन यांचा. दीड-दोन हजार मजूर लागले, साधारण नऊ महिन्यांत काम उरकले आणि सुमारे दीड लाख पौंड खर्च झाले. लॉक किंग त्या खर्चाने कर्जबाजारी होण्याच्या बेतात आले. त्यांची पत्नी एथेल यांनी पैशांची व्यवस्था हाती घेतली म्हणून काम तडीस गेले. उद्घाटनाच्या दिवशी मोटारींच्या ताफ्यात सर्वांत पुढे गाडी चालवत होत्या त्या एथेलच.

या खर्चाने काय मिळाले, याचा हिशेब उद्घाटनानंतर दोन आठवड्यांतच सुरू झाला. शर्यतपटू सेल्विन एज यांनी नेपियर गाडी सलग चोवीस तास पळवली आणि १,५८१ मैल अंतर कापले, म्हणजे सरासरी ताशी पासष्ट मैलांहून अधिक. सहा-आठ मैलांत धडाका दाखवणारे इंजिन दिवस-रात्र तापत राहिल्यावर टिकते का, टायर किती मैलांवर फाटतो, तेल कुठे गळते, हे आता कागदावर नोंदवता येऊ लागले. १९१३ च्या फेब्रुवारीत पर्सी लँबर्ट यांनी याच ट्रॅकवर टॅलबट गाडीतून एका तासात शंभर मैलांची सीमा पहिल्यांदा ओलांडली. दोन महिन्यांनी फ्रान्सच्या ज्यूल गू यांनी प्यूजो गाडीतून तासाला १०६ मैल काढून तो विक्रम मोडला. तो परत मिळवण्याच्या प्रयत्नात त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात लँबर्ट ब्रुकलँड्सवरच मरण पावले. प्यूजोच्या त्या काळच्या शर्यतीच्या इंजिनात एक नवी रचना होती : सिलिंडरांच्या डोक्यावर दोन कॅमशाफ्ट आणि प्रत्येक सिलिंडरला चार व्हॉल्व्ह. इंजिन जितके वेगाने फिरते तितक्या वेगाने त्याला हवा आत घ्यावी आणि धूर बाहेर टाकावा लागतो. व्हॉल्व्ह नेमक्या क्षणी उघडण्या-मिटण्याचे काम कॅमशाफ्ट करतो. या रचनेने १९१२ ची फ्रेंच ग्रां प्री जिंकली आणि १९१३ ची इंडियानापोलिसची पाचशे मैलांची शर्यतही. आज आपल्या गल्लीत उभ्या असलेल्या साध्या कौटुंबिक गाडीच्या इंजिनातही बहुधा हीच रचना असते. शंभर वर्षांपूर्वीच्या शर्यतीचा तो वारसा आहे.

ब्रुकलँड्सची दुसरी कमाई मोटारींच्या बाहेरची होती. ट्रॅकच्या आतल्या मोकळ्या मैदानावर १९०७-०८ मध्ये ए. व्ही. रो यांनी आपल्या विमानाचे प्रयोग केले. पुढे तिथे उड्डाणशाळा निघाल्या, पहिल्या महायुद्धात विकर्स कंपनीने शेजारी विमाने बांधायला सुरुवात केली, आणि हॉकर हरिकेन (१९३५) व विकर्स वेलिंग्टन (१९३६) या दोन्ही विमानांची पहिली उड्डाणे याच मैदानावरून झाली. थॉमसन अँड टेलर यांचे वर्कशॉप ट्रॅकच्या आवारातच होते. तिथे बांधलेल्या नेपियर-रेल्टन गाडीतून जॉन कॉब यांनी १९३५ मध्ये ताशी १४३.४४ मैलांचा फेरीचा विक्रम केला, तो ट्रॅक बंद होईपर्यंत अबाधित राहिला. स्पार्क प्लगचा प्रसिद्ध ‘केएलजी’ हा छाप केनेल्म ली गिनेस या शर्यतपटूच्या आद्याक्षरांवरून पडला, कारण चालू शर्यतीत दगा देणाऱ्या प्लगांना कंटाळून त्यांनी स्वतःच प्लग बनवायला घेतले होते. रस्ते बांधणारा, मोटार बनवणारा आणि विमान बनवणारा ही तीन माणसे एका कुंपणात आली, एकमेकांच्या गॅरेजात डोकावू लागली, आणि एकाचा अनुभव दुसऱ्याच्या कामी आला. दुसरे महायुद्ध सुरू झाले तेव्हा शर्यती थांबल्या, विमानांच्या कारखान्यासाठी ट्रॅकचे काही भाग तोडले गेले आणि १९४६ मध्ये जागा विकर्सला विकली गेली. ट्रॅक गेला, पण त्याने घडवलेले तंत्रज्ञ युद्धाच्या कामी आले.

हा योगायोग नव्हता, याचा पुरावा अमेरिकेत सापडतो. इंडियानापोलिसचे सर्किट १९०९ मध्ये उभे राहिले तेव्हा इंडियाना राज्यात मोटारींचे अनेक कारखाने होते आणि कार्ल फिशर या उद्योजकाने मांडलेले कारण हेच होते की या कारखान्यांना चाचणीला जागा हवी. पहिल्याच ऑगस्टमध्ये खडी-डांबराचा पृष्ठभाग उखडला आणि एक चालक, दोन मेकॅनिक व दोन प्रेक्षक मेले. मालकांनी ट्रॅक बंद केला नाही. सुमारे बत्तीस लाख विटा बसवून अडीच मैलांचा मार्ग नव्याने फरसबंद केला आणि १९११ मध्ये पहिली पाचशे मैलांची शर्यत भरवली.

आता वालचंदांकडे वळू. सोलापूरच्या कापसाच्या पेढीतला हा तरुण घरच्या धंद्यात रमला नाही. रेल्वेतले माजी कारकून लक्ष्मणराव फाटक यांच्याशी भागीदारी करून तो कंत्राटदार झाला. भोर घाटातले बोगदे, मुंबईच्या पाण्यासाठी तानसाची जलवाहिनी, १९१९ मध्ये ‘लॉयल्टी’ जहाजाने सुरू झालेली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन, १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी, अशी ती वाटचाल होती. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात भारतीय मोटार-कारखान्याची योजना आखली, त्यासाठी युरोप-अमेरिकेचा दौरा केला, तेव्हा ती हाती घेणारे उद्योजक वालचंदच होते. मुंबई प्रांताच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने मदतीची तयारी दाखवली, पण वसाहतीच्या सरकारला हा कारखाना युद्धकार्यासाठी आवश्यक वाटला नाही. याच कामासाठी अमेरिकेत बोलणी करून १९३९ मध्ये परतताना विमानप्रवासात त्यांची गाठ विल्यम पॉली या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी पडली, आणि त्या भेटीतून डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानच्या सहकार्याने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली. दोनच वर्षांत सरकारने त्यांचा हिस्सा विकत घेतला. मोटारींची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ मध्ये स्थापन झाली आणि स्वातंत्र्याच्या वर्षी कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या जोडून बाहेर पडू लागल्या. म्हणजे बांधकाम, मोटार आणि विमान, ब्रुकलँड्सच्या कुंपणात एकत्र आलेल्या तिन्ही विद्या इथे एकाच माणसाकडे होत्या. मात्र बांधकाम देशभर विखुरलेले, विमान बंगळुरूला आणि मोटार कुर्ल्याला राहिली. जिथे तिन्ही एकमेकींची परीक्षा घेतील अशी जागा निर्माण झाली नाही. वालचंद १९५३ च्या एप्रिलमध्ये गेले. परक्या सरकारशी झगडून कारखाना उभा करण्यातच ज्याचे आयुष्य खर्ची पडले, त्याने ट्रॅक का बांधला नाही असे विचारणे अन्याय होईल. हा प्रश्न त्यांच्यानंतरच्या पिढ्यांना विचारायचा आहे.

त्या पिढ्यांचे काय झाले, ते कुर्ल्याच्या गाडीवरून दिसते. फियाटशी करार होऊन १९५४ पासून फियाट ११०० भारतात बनू लागली. तीच १९७० च्या दशकात प्रीमियर पद्मिनी झाली आणि मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हणून घराघरांत ओळखीची झाली. गाडी मजबूत होती, सोपी होती, कुठल्याही गावचा मिस्त्री तिची दुरुस्ती करू शके. पण तिचे १०८९ सीसीचे इंजिन जवळजवळ तसेच्या तसे शतकाच्या अखेरीपर्यंत चालले. परवान्याच्या राजवटीत किती गाड्या बनवायच्या हे सरकार ठरवी, गिऱ्हाईक वर्षानुवर्षे नंबर लावून बसे, आणि स्पर्धक असा जवळजवळ नव्हताच. अशा कारखान्याला ट्रॅकवर हरण्याची भीती नव्हती, म्हणून ट्रॅकची गरजही नव्हती. जुन्या फियाट आणि मद्रासला बनणाऱ्या स्टँडर्ड हेरल्ड शर्यतीत उतरत. इंजिने घासूनपुसून, कार्ब्युरेटर बदलून त्या पळवणारे कुशल मिस्त्री आणि हौशी चालक देशात होते. त्यांनी जे शोधले ते कारखान्याच्या ड्रॉइंग बोर्डापर्यंत पोचवणारी वाट मात्र नव्हती.

या शर्यती होत कुठे? मद्रासजवळ शोलावरम येथे दुसऱ्या महायुद्धातली एक विमानपट्टी ओस पडली होती. १९५३ मध्ये स्थापन झालेल्या मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबने तिथे शर्यती भरवल्या आणि पुढची तीन दशके ते भारतीय मोटार-शर्यतींचे मुख्य ठिकाण राहिले. कलकत्त्याजवळ बराकपूरची विमानपट्टीही अशीच वापरली गेली. इथे एक तुलना फार उद्बोधक ठरते. ब्रिटनचे सिल्व्हरस्टोन हेही युद्धकाळातले हवाईतळच होते. तिथे १९४८ च्या ऑक्टोबरात पहिली मोठी शर्यत झाली आणि १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन जागतिक अजिंक्यपदाची पहिली फेरीही तिथेच झाली. म्हणजे युद्ध तेच, पट्टी तशीच, काळही जवळजवळ तोच. तरी सिल्व्हरस्टोनच्या परिसरात आज शर्यतीच्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्यांचा आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या वर्कशॉपांचा दाट पट्टा आहे, आणि शोलावरमभोवती तसे काही उभे राहिले नाही. फरक पट्टीत नव्हता. तिकडे कूपर, लोटस यांसारखे छोटे कारखानदार रविवारी हरत आणि सोमवारी नवा भाग कापायला बसत. इकडे आयात केलेल्या एका पिस्टनसाठी परवाना लागे. ट्रॅक आणि कारखाना यांच्यातली वाट मोकळी असेल तरच ट्रॅकला अर्थ येतो, हे शोलावरमने सिद्ध केले. क्लबच्या सभासदांनी चिकाटी सोडली नाही. १९९० मध्ये श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टईला त्यांचा स्वतःचा पावणेचार किलोमीटरचा ट्रॅक सुरू झाला.

यावर पहिला आक्षेप गरिबीचा येतो : जिथे पिण्याच्या पाण्याची भ्रांत, तिथे ट्रॅक कसले बांधता? दुष्काळाची झळ सोसलेल्या सोलापूर जिल्ह्यात हा प्रश्न हलक्यात घेण्यासारखा नाही. याचे उत्तर जपानकडे आहे. सोइचिरो होंडा यांनी सुझुकाचे सर्किट १९६२ मध्ये बांधले, तेव्हा जपान श्रीमंत देश नव्हता आणि होंडा कंपनी अजून मोटारसायकलींचीच कंपनी होती. युरोपात आपली गाडी जिंकायची असेल तर तिला घरीच कठीण मार्ग हवा, एवढा साधा विचार त्यामागे होता. भातशेतीची जमीन घ्यायची नाही, अशी होंडांची अट असल्याने सर्किटला डोंगराळ जागा निवडली गेली. अन्नाची जमीन राखूनही उद्योगाला अवजार देता येते, हे त्यांनी दाखवले. गरीब देशाला ट्रॅक परवडत नाही हे म्हणणे अर्धेच खरे आहे. दुसऱ्यांनी तपासलेले तंत्रज्ञान चाळीस वर्षे परवानाशुल्क देऊन वापरत राहणे हेही गरीब देशाला परवडत नाही.

दुसरा आक्षेप जीविताचा आहे आणि तो सर्वांत गंभीर. लँबर्ट गेले, इंडियानापोलिसला पाच जण गेले, १९५५ मध्ये फ्रान्समधल्या ल मांच्या शर्यतीत ऐंशीहून अधिक प्रेक्षक गेले. या मृत्यूंवर पांघरूण घालता येणार नाही. पण पॅरिस-माद्रिद आठवा : शर्यती उघड्या रस्त्यावर होत्या तेव्हा वाटेतले शेतकरी आणि मुलेसुद्धा धोक्यात होती. बंदिस्त ट्रॅकने धोका कुंपणात आणला, तो मोजता येऊ लागला, आणि मोजल्यामुळे कमी करता आला. हेल्मेट, अडथळ्यांची रचना, आग विझवण्याची तयारी, जागेवर डॉक्टर, हे सारे ट्रॅकवर सक्तीचे झाले. आपल्या महामार्गांवर आणि शहराबाहेरच्या मोकळ्या रस्त्यांवर रात्री दुचाक्यांच्या शर्यती लावणारी मुले हेल्मेटशिवाय पळतात. त्यांना जागा दिली नाही म्हणून ती थांबत नाहीत. श्रीमंतांचा खेळ हा तिसरा आक्षेप ब्रुकलँड्सच्या बाबतीत बऱ्याच अंशी खरा होता. तिथले सुरुवातीचे नियम घोड्यांच्या शर्यतींवरून घेतले होते, चालक जॉकीसारखे रंगीत रेशमी अंगरखे घालत. पण ज्यांनी ती इंजिने उघडली, जुळवली, पुन्हा बसवली, ते कामगारवर्गातले मेकॅनिक होते, आणि टिकून राहिले ते त्यांचे ज्ञान.

आणखी एक आक्षेप तंत्रज्ञांकडून येतो : आता चाचणीमार्ग आहेत, मग शर्यतीचा हट्ट कशाला? खरेच आहेत. पुण्याची एआरएआय संस्था १९६६ पासून काम करते आहे, अहिल्यानगरला संरक्षण खात्याच्या व्हीआरडीईचे चाचणीमार्ग आहेत, इंदूरजवळ पिथमपूरला ‘नॅट्रॅक्स’चा ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग २०२१ मध्ये खुला झाला. या संस्थांची किंमत मोठी आहे. पण तालमीत एकट्याने काढलेल्या जोर-बैठका आणि मैदानातली कुस्ती यांत जो फरक असतो, तोच इथे आहे. चाचणीमार्गावर गाडीला विचारायचे प्रश्न तिचा अभियंताच ठरवतो. शर्यतीत ते प्रतिस्पर्धी ठरवतो, उत्तर सर्वांसमक्ष मिळते आणि ते फायलीत दडवता येत नाही. उलट केवळ दिमाखदार मैदान बांधूनही भागत नाही. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर २०११ ते २०१३ अशा तीन फॉर्म्युला वन शर्यती झाल्या, मग करांच्या वादात आणि पैशांच्या ओढाताणीत त्या थांबल्या. पाच किलोमीटरहून थोडा अधिक लांबीचा तो ट्रॅक जागतिक दर्जाचा आहे, पण त्या शर्यतींचे संघ, गाड्या आणि तंत्रज्ञ विमानाने येत आणि विमानाने परत जात. भोवती वर्कशॉप नसलेला ट्रॅक पाहुण्यांपुरता उरतो.

म्हणून तुलनेला घ्यायला हवे ते कोइंबतूर. तेही सोलापूरसारखे गिरण्यांचे गाव. तिथल्या गिरण्यांभोवती पंपांचे, मोटरींचे, यंत्रांचे छोटे कारखाने वाढले. त्याच वातावरणातल्या, कापड गिरणीच्या घराण्यातल्या एस. करिवर्धन यांनी मारुती ८०० चे इंजिन वापरून ‘फॉर्म्युला मारुती’ ही स्वस्त शर्यतीची गाडी घडवली. एकाच प्रकारच्या, आवाक्यातल्या गाड्या मिळाल्याने तरुणांना शिकण्याची शिडी मिळाली. कोइंबतूरच्याच नारायण कार्तिकेयन यांनी सुरुवात त्या गाडीत केली आणि २००५ मध्ये ते फॉर्म्युला वनमध्ये उतरणारे पहिले भारतीय ठरले. करिवर्धन १९९५ मध्ये विमान अपघातात गेले, त्यांच्या नावाचा ‘करी मोटर स्पीडवे’ शहराजवळ चेट्टिपाळयमला आहे. भारतभरचे अभियांत्रिकीचे विद्यार्थी स्वतः बांधलेल्या गाड्या घेऊन ‘फॉर्म्युला भारत’ स्पर्धेसाठी तिथेच जातात, आणि त्यात विजेवर चालणाऱ्या गाड्यांचाही गट असतो. पेट्रोलचे दिवस संपत आले, आता ट्रॅक कशाला, असे म्हणणाऱ्यांना हे पुरेसे उत्तर आहे. बॅटरी किती तापते आणि किती टिकते, हा प्रश्न १९०७ च्या नेपियरला विचारलेल्या प्रश्नाचाच पुढचा भाग आहे.

सोलापूरकडे यातले काय नाही? १८७७ मध्ये इथे पहिली गिरणी निघाली आणि पिढ्यान् पिढ्या यंत्रावर हात बसलेला कामगार या शहरात घडला. गिरण्या बंद पडल्या, हात राहिले. १९९२ मध्ये सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरची कंपनी देश-परदेशांतल्या मोटार-कारखान्यांना कॅमशाफ्ट पुरवते. १९१२ च्या प्यूजोने शर्यतीत ज्याचे सामर्थ्य दाखवले तो भाग आज या शहरात ओतला आणि घासला जातो. वालचंदांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय सोलापुरात आहे आणि सांगलीतही. चालवून पाहिल्याशिवाय यंत्र स्वीकारू नये, हा नियमही या जिल्ह्याला नवा नाही. बार्शी लाइट रेल्वेची इंजिने आणि डबे इकडे धाडण्यापूर्वी तिचे अभियंते एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी इंग्लंडमध्ये लीड्सजवळ न्यूले येथे त्यांच्यासाठी खास चाचणीमार्ग टाकला होता. बार्शीच्या रुळांवर धावायचे यंत्र लीड्सला तपासले गेले, कारण ते तिथे बनत होते. आता यंत्राचे भाग सोलापुरात बनतात, आणि तपासणीची जागा मात्र बाहेर आहे. पुण्याजवळ नाणोलीला अलीकडे खासगी ट्रॅक झाला आहे, कोल्हापूरजवळ कार्टिंगचा आहे. महाराष्ट्रात वाहनांचे इतके कारखाने असताना ही सुरुवात स्वागतार्ह असली तरी अपुरी आहे.

सोलापूरने बुद्ध सर्किटची नक्कल करू नये. दोन किलोमीटरचा, सुरक्षित कठड्यांचा, शेजारी वर्कशॉप असलेला एक ट्रॅक पुरेसा आहे. तो औद्योगिक वसाहतीतल्या पडीक जमिनीवर व्हावा, शेतकऱ्याच्या एका एकरालाही हात लागू नये. आठवड्याचे चार दिवस कारखान्यांनी शुल्क भरून चाचण्या घ्याव्यात, दोन दिवस महाविद्यालये, आयटीआय आणि वाहनचालक-प्रशिक्षण यांना राखून ठेवावेत आणि एक दिवस शर्यतीचा असावा. कारखानदार, महाविद्यालये आणि महापालिका यांनी मिळून पैसा आणि जबाबदारी वाटून घेतली, तर एकट्या लॉक किंग यांच्यावर आली तशी वेळ कोणावर येणार नाही. वालचंदांचे पुतळे आणि त्यांच्या नावाच्या पाट्या आपण खूप लावल्या. बांधकाम, मोटार आणि विमान या तिन्ही विद्यांत उडी घेणाऱ्या या सोलापूरकराचे जे काम राहून गेले, ते त्याच्या गावाने आता अंगावर घ्यावे.